हाक कुठून येते



मराठी ख्रिस्ती लेखकांच्या या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून आज मला एकाच शब्दाविषयी बोलायचे आहे, तो म्हणजे पाचारण. उपासनेत, प्रवचनात, तरुणांच्या शिबिरात हा शब्द आपण रोज वापरतो आणि वापरून वापरून त्याला एक ठरावीक अर्थ चिकटला आहे. देवाने प्रत्येकाच्या आयुष्याचा आराखडा आधीच आखून ठेवला आहे, तो आपल्या अंतःकरणात कुठेतरी दडलेला आहे, आणि प्रार्थना करून, स्वतःला न्याहाळून तो हुडकून काढायचा, असा तो अर्थ. मला तो अपुरा वाटतो. तरुणांच्या बाबतीत तर तो घातक ठरतो, कारण पंचविशीपर्यंत असा आराखडा दिसला नाही की देवाने आपल्याला वगळले असे मुले-मुली समजू लागतात. माझी मांडणी अशी की पाचारण बाहेरून येते, बहुधा दुसऱ्याच्या गरजेच्या रूपाने येते, आणि त्याला उत्तर देत गेल्यावर मागाहून त्याचा आकार दिसू लागतो.

प्रचलित अर्थाला आधार म्हणून यिर्मयाच्या 29व्या अध्यायातले एक वचन हमखास दिले जाते. कितीतरी घरांत ते भिंतीवर टांगलेले असते. पण तो अध्याय मुळात एक पत्र आहे. यरुशलेमेहून बाबेलात धरून नेलेल्या लोकांना ते लिहिले आहे, एकेकट्याला नव्हे, सगळ्यांना मिळून. घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, ज्या परक्या नगरात येऊन पडलात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असे त्यात सांगितले आहे. सुटकेला 70 वर्षे लागतील, हेही सांगितले आहे. म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना सुटका दिसणारच नव्हती. त्यांच्या वाट्याला आली ती बाग लावणे एवढीच आज्ञा, आणि देवाच्या लेखी ती पुरेशी होती.

हे आपल्याच इतिहासात ताडून पाहू. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर होण्यासाठी. ऐकू कमी येत असल्याने तो मार्ग बंद झाला. त्या दिवशी कोणी त्यांना तुमचे पाचारण काय असे विचारले असते, तर काय उत्तर मिळाले असते? त्याच मुक्कामात तिथल्या धर्मभगिनींनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी चालवलेले काम त्यांनी पाहिले, आणि त्याची खोल छाप त्यांच्या मनावर उमटली. 1889मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले ते उच्चवर्णीय विधवांसाठी. या सदनाला उत्पन्न मिळावे म्हणून त्यांनी पुढे केडगावला फळबागेसाठी जमीन घेतली. मग 1896चा दुष्काळ आला. ज्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळातच गेले, त्या रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या, आणि बागेच्या जमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. आराखडा म्हणावा तर इथे प्रत्येक पायरीवर तो मोडला आहे. डॉक्टरकी गेली, विधवांच्या शाळेचे अनाथालय झाले, बागेची वसाहत झाली. न मोडता टिकली ती एकच गोष्ट: समोर आलेल्या बाईला दार उघडायचे.

यावर एक आक्षेप फार गंभीर आहे आणि आपल्या प्रांतात तो कोणी हलका समजू नये. ज्याला ज्या स्थितीत बोलावणे आले त्याने त्या स्थितीत राहावे, असे पौल करिंथकरांस लिहितो. ज्या समाजाने माणसाला जन्माचे काम चिकटवून पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले, तिथे हा उपदेश जातीला देवाचा शिक्का मारण्यासारखाच नाही का? दलित ख्रिस्ती बांधवांनी हा प्रश्न मंडळीला विचारला आहे, आणि चर्चमध्येही जात मागे मागे आली असल्याने तो विचारण्याचा त्यांचा हक्क पूर्ण आहे. माझे उत्तर असे की पौलाने तिथेच पुढे दासाबद्दल लिहिले आहे, आणि मोकळे होता आले तर अवश्य हो, असाच त्या ओळीचा अर्थ बहुतेक भाषांतरकार लावतात. पाचारण ख्रिस्ताकडे आहे, धंद्याकडे किंवा पायरीकडे नाही. कोळ्यांना हाक आली तेव्हा त्यांनी जाळी सोडून दिली, जकातदार नाक्यावरून उठला. जी हाक माणसाला वरच्याच्या सोयीसाठी खाली बसवून ठेवते, ती कोणाच्याही तोंडून आली तरी मी देवाची मानणार नाही.

दुसरा आक्षेप: गरज तर चहूकडे आहे, मग माझी कोणती, आणि देवाचा आवाज म्हणून मी माझीच हौस ऐकत नाही कशावरून? याला खात्रीचे माप नाही, हे कबूल केले पाहिजे. मंडळीचा सल्ला घ्यावा, पण तोही अखेरचा नव्हे. रमाबाईंनी आपल्या इंग्लंडमधल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांशीही विवेकस्वातंत्र्यासाठी वाद घातला होता. मला एकच खूण भरवशाची वाटते. हौस आपल्याला मधोमध ठेवते, पाचारणात दुसरा मधोमध असतो. म्हणून काम अर्धे राहिले आणि दुसऱ्याने पुरे केले, तर हौस दुखावते, पाचारण नाही.

नारायण वामन टिळकांनी 1917मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात देवाचा दरबार मांडला आणि दोनच वर्षांत ते गेले. ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचे त्यांच्या हातून जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले. उरलेले साठांहून अधिक अध्याय लिहिले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, ज्यांना शाळा कधी मिळाली नाही, आणि 1895मध्ये नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा ज्या दुःखाने वेगळ्या राहिल्या होत्या. त्यांच्या अंतःकरणात त्या वर्षी कोणी महाकाव्य शोधले असते, तर फक्त आकांत सापडला असता.

आणि मुक्तीचा छापखाना. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत त्यांनी सगळे बायबल उतरवले. 1922मध्ये त्या गेल्या; ग्रंथ पुरा छापून आला 1924मध्ये. खिळे जुळवायला होत्या मुक्तीतल्याच मुली-बायका. खिळ्यावर अक्षर उलटे असते. काना, मात्रा, वेलांटी वेगळी हुडकून एकेक ओळ साच्यात बसवायची, प्रूफ काढायचे, चूक निघाली की तो खिळा चिमट्याने उपसून दुसरा घालायचा. त्या बायकांची नावे आपल्या वाङ्मयाच्या इतिहासांत नाहीत. पण दारातून उपाशी आत आलेल्या मुलीने शाईने काळ्या झालेल्या बोटांनी जुळवलेली ती ओळ दुसरी कोणी बाई आपल्या खेड्यात, दिव्याच्या उजेडात, अक्षर लावत लावत वाचत होती.