पट्टा बोलत नाही

(मंडळाच्या गणेशोत्सवात ‘सभासदांचे अनुभव’ या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)





मी राज्य शासनाचा कर्मचारी. आठवडाभर फायली हाताळतो, पण डिप्लोमा मेकॅनिकलचा आहे, म्हणून रविवारी हात शिवशिवतात. कार्यवाह म्हणाले, “घरी गाडी उघडतोस, त्यावरच बोल.” म्हणून आज टायमिंग बेल्टवर बोलतो.

इंजिनात खाली क्रँक फिरतो, वर कॅम फिरतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक व्हायला हवा, तरच व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात आणि मिटतात. हा मेळ जुन्या फियाट-अ‍ॅम्बेसेडरमध्ये साखळी राखायची. 1962 साली जर्मनीच्या ग्लास कंपनीने मोटारीत साखळीऐवजी रबरी दातेरी पट्टा वापरला. आपल्याकडे 1983 च्या डिसेंबरात आलेल्या मारुती 800 ने तो घरोघरी पोचवला. साखळी सैल झाली की खडखडते, मालकाला सांगते. पट्टा मात्र बहुधा काही न बोलता तुटतो, आणि गाडी आहे तिथे बंद पडते. काही इंजिनांत तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि पट्ट्याच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च येतो.

आमची मारुती 800 बाबांनी 2003 मध्ये घेतली. 2011 मध्ये मीटरवर ऐंशी हजार होते, पट्टा मूळचाच. सोमवारी सगळ्यांनी ओंकारेश्वरला जायचे ठरले होते. वाटेत भेरूघाट. मी म्हटले, आधी पट्टा बदलू. शनिवारी छोटी ग्वालटोलीतून पट्टा आणि टेन्शनरचे बेअरिंग आणले, रविवारी सकाळी अंगणात काम काढले.

बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली. पुलीचे बोल्ट सुटेनात, तेव्हा गाडी टॉप गिअरमध्ये टाकली आणि बाबांना ब्रेक दाबून बसवले. बोल्ट हलले, मग गाडी न्यूट्रल केली. कव्हर काढले. क्रँक फिरवून वरची आणि खालची, दोन्ही खुणा जुळवल्या. त्या नीट दिसाव्यात म्हणून सौभाग्यवतींची पांढरी नेलपॉलिश लावली. तिची बोलणी खाल्ली ती वेगळी! जुना पट्टा उतरवला. बाहेरून ठणठणीत दिसत होता. उलटा वाकवला तर दातांच्या मुळाशी बारीक चिरा.

नवा पट्टा चढवेपर्यंत संध्याकाळ झाली. पट्टा बसवल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा पाहायच्या असतात. हे शिकलो होतो, तरी कंटाळा केला. सगळे बंद करून चावी फिरवली. गाडी सुरू झाली, पण थरथरत होती आणि पिकअप नव्हता. माझ्या लगेच लक्षात आले, एक दात चुकला. तरी मी म्हणालो, “बाबा, नवा पट्टा आहे, बसेल हळूहळू.”

बाबा काही रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “उद्या मागच्या सीटवर तुझी आई आणि मुले असतील. तुला खात्री आहे का?”

खात्री नव्हती. पुन्हा सगळे उघडले. बाबांनी बॅटरी धरली, रात्री अकरापर्यंत उभे राहिले. या वेळी दोन फेरे फिरवले, खुणा पाहिल्या, पुन्हा दोन फिरवले. गाडी पहिल्या चावीत शांत सुरू झाली. दुसऱ्या दिवशी भेरूघाट चढताना बाबा शेजारी डोळे मिटून बसले होते. त्यांच्या भरवशाची तेवढी एकच पावती मला मिळाली. आज बाबा नाहीत, पण सहीसाठी फाईल समोर आली की त्यांचा तो प्रश्न आठवतो.

तर मंडळी, चार गोष्टी लक्षात ठेवा. एक, गाडीच्या पुस्तिकेत पट्टा किती किलोमीटरला, किती वर्षांनी बदलायचा ते आजच पाहा. गाडी कमी चालली तरी रबर म्हातारे होतेच. जुनी गाडी घेतली असेल आणि नोंद नसेल, तर पट्टा बदलूनच टाका. दोन, पट्ट्याबरोबर टेन्शनरही बदला. ऑइल सील गळत असेल तर तेही, कारण तेल पट्ट्याला खाते. तीन, नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका. चार, डिझेल किंवा नव्या गुंतागुंतीच्या इंजिनाला हात घालू नका. त्यांना खास हत्यारे लागतात, तिथे गॅरेजच बरे. काही गाड्यांत आता पुन्हा साखळी आली आहे. आपल्या गाडीत काय आहे, ते आधी विचारा.

आणि घरी काम केलेच, तर ते दोन फेरे चुकवू नका. दहा मिनिटे लागतात.

सर्वांचे प्रवास सुखरूप होवोत, हीच बाप्पाच्या चरणी प्रार्थना. मंगलमूर्ती मोरया!