चुलीचे शास्त्र आणि शाळा



शिरूर व दौंड तालुक्यांत भीमा व घोड या नद्यांच्या काठी उसाचे पीक मोठे आहे. ऊस कारखान्याकडे जातो, पाचट शेतात उरते. गुरे ते खात नाहीत, ते लवकर कुजतही नाही. म्हणून पुष्कळ शेतकरी ते पेटवून देतात. त्याच गावात एखादी माउली ओल्या सरपणापुढे फुंकणी फुंकीत असते, आणि शेजारी तिची लेक डोळे चोळीत पाढे म्हणत असते. शिवारात जळण वाया जावे व घरात त्याची टंचाई असावी, ही मोठीच विसंगती होय.

वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली पुण्यात ग्रामोपयोगी तंत्रज्ञानाची 'आरती' ही संस्था स्थापिली. त्यांच्या कन्या डॉ. प्रियदर्शिनी कर्वे पदार्थविज्ञानाच्या अभ्यासक; त्यांनी आपली विद्या चुलीच्या कामी लावली. पाचट पिंपांत भरून भट्टीत तापविले असता पुरेशा हवेअभावी त्याची राख होत नाही. त्यातील वायू निघून भट्टीतच जळतो व मागे कोळसा राहतो. त्याच्या भुकटीत खळ मिसळून कांड्या पाडतात. त्या जवळजवळ धुराविना जळतात. या कार्यास २००२ साली ॲश्डेन पुरस्कार लाभला. पुढे खरकट्यापासून वायू देणाऱ्या घरगुती संयंत्रासाठी २००६ साली संस्थेस तोच सन्मान पुन्हा मिळाला.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातील धुरापायी जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने अनेक घरी गॅस पोहोचविला. तथापि सिलिंडर भरण्यास पैसा नसला की चूल पुन्हा पेटते.

येथे शिक्षकाचे कार्य सुरू होते. पेटत्या मेणबत्तीवर पेला पालथा घालून ज्वलनास हवा लागते हे दाखवावे. भांड्याच्या बुडाची काजळी म्हणजे अर्धवट जळलेले जळण, हे मुलांकडून वदवून घ्यावे. सरपण वाळवून का वापरावे, धुराला वाट का असावी, हे त्यांनी घरी सांगावे.

आणि वर्गातील मुलींना एवढे अवश्य कळावे, की चूल फुंकणे हेच त्यांचे प्राक्तन नव्हे. तीच चूल सुधारणे हे आयुष्यभराच्या संशोधनाचे कार्य होऊ शकते.