वरदेवरचा पूल आणि आपली परतीची वाट



शताब्दीच्या या सोहळ्यात दिंडीच्या वाटेविषयी बोला, अशी वडीलधाऱ्यांची आज्ञा झाली. पायवाटेविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही पुलगावच्या रेल्वेपुलाविषयी चार शब्द बोलतो.

आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या उगवतीला वर्धा नदी. जुनं नाव वरदा. वरच्या अंगाला तिच्याच काठी कौंडण्यपूर, रुक्मिणीमातेचं माहेर. तिथून नदी खाली आली की पुलगाव. नावातच पूल आहे.

हा पूल वारकऱ्यांसाठी बांधलेला नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं, पाठोपाठ नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा झालं. या दोन मुलखांची शीव म्हणजे ही नदी. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जीआयपी रेल्वेचे रूळ भुसावळ, बडनेरा, धामणगाव करत आले, नदी ओलांडून १८६७ ला नागपूरला पोचले. पलीकडच्या हिंगणघाटचा नामांकित कापूस पुलावरून मुंबईकडे जाऊ लागला. आपल्या गाठी बैलगाड्यांनी धामणगाव स्टेशनात.

पण पूल झाला की त्यावरून माणसंही जातात. आपल्या दिंडीत दोन्ही थड्यांची मंडळी. जेठात निघताना पलीकडचे लोक उतारातून, गुडघाभर पाण्यातून चालत यायचे. आषाढी करून परत यावं तर नदी थडीला लागलेली, डोंगा बंद. घर समोर दिसतं, अन् माणूस काठावर बसलेला.

गाडीनं हा अडसर गेला. १८७८ ला दौंड-मनमाड मार्ग झाला होता, त्यामुळे कुर्डुवाडीहून दौंड, मनमाड, भुसावळ करत यायची सोय होती. आपण धामणगावला उतरायचं, पलीकडची मंडळी पुढं. चाकांचा आवाज बदलला की म्हातारी माणसं म्हणायची, “पोट्टेहो, पूल आला, हात जोडा!” अन् डब्यात गजर व्हायचा, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! त्या गजरात आपल्या नदीचंही नाव आहे, हे आम्हाला फार उशिरा उमगलं.

आता एक चूक कबूल करतो. गाडीनं केलेली वारी ही वारी नव्हे, असं आम्हीच कितीदा बोललो. गुडघे गेलेल्या आयाबाया ते ऐकून घरीच बसल्या. काही तशाच गेल्या, पंढरी न पाहता. ज्या गाडीनं आम्ही स्वतः परत येत होतो, तीच गाडी त्यांना जाताना चालली नाही. हा कुठला न्याय?

कापसासाठी बांधलेल्या पुलानं कोणाला अडवलं नाही. मग नामासाठी निघालेल्या दिंडीनं का अडवावं? म्हणून शताब्दीच्या वर्षी एवढंच मागणं आहे. ज्यांना चालवत नाही त्यांनी गाडीनं यावं, त्यांची नावं दिंडीच्या त्याच यादीत चढावीत, पंगतीत त्यांचं पान आपल्या शेजारीच मांडलं जावं. स्टेशनावर त्यांना घ्यायला टाळकरी पोरं पाठवू.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!