जखमेतून गवसलेली दृष्टी



डोळ्यास मार लागला की आतील नेत्रभिंग गढूळ होऊन ऐन तारुण्यातही मोतीबिंदू होतो. पूर्वी तो काढल्यावर जाड भिंगाचा चष्मा देत. परंतु त्या डोळ्यास वस्तू मोठी दिसे, निरोगी डोळ्यास नेहमीएवढीच. दोहोंचा मेळ बसत नसे.

या अडचणीचे उत्तर एका जखमेतच सापडले. ऑगस्ट १९४० मध्ये ब्रिटिश वैमानिक गॉर्डन क्लीव्हर यांच्या विमानाचे छत फुटून पर्स्पेक्स प्लास्टिकच्या कपच्या डोळ्यांत शिरल्या. एक डोळा गेला. दुसऱ्याने मात्र त्या कपच्या निमूटपणे सोसल्या. लंडनचे नेत्रशल्यविशारद हॅरोल्ड रिडले यांनी हे हेरले. पुढे एका विद्यार्थ्याने त्यांना विचारले, काढलेल्या भिंगाच्या जागी नवे का बसवीत नाही? रिडले यांनी त्याच जातीच्या प्लास्टिकचे भिंग घडवून घेतले व २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट थॉमस रुग्णालयात ते प्रथम बसविले.

डोळ्यात परकी वस्तू ठेवणे व्यवसायबंधूंना रुचले नाही. रिडले यांनी अनेक वर्षे विरोध सोसला. सन २००० मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब लाभला. वैमानिक क्लीव्हर यांच्या उरलेल्या डोळ्यासही उतारवयात असेच भिंग मिळाले.

तथापि पडदा दुखावला असेल, तर भिंगाचाही इलाज चालत नाही. म्हणून डोळ्यास इजा होताच तो चोळू नये, रुतलेली वस्तू उपसू नये, घरगुती औषध घालू नये. दाब न देता डोळा झाकावा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. विज्ञानाने भिंग दिले आहे. वेळ मात्र आपणच वाचवायची आहे.