टिपणवहीची किल्ली

आजचा विषय आपण मोबाइलमध्ये स्वतःसाठी लिहून ठेवतो त्या टिपणांचा आहे. वाणसामानाची यादी त्यात असतेच. पण त्याच यादीखाली आधार क्रमांक असतो, नेटबँकिंगचा पासवर्ड असतो, उपाशीपोटीच्या साखरेचे आकडे असतात, वडिलोपार्जित घराच्या वाटणीबद्दल भावाशी काय बोलायचं याचा कच्चा खर्डा असतो. डॉक्टरांना विचारायचा, पण घरात अजून कोणाला न सांगितलेला प्रश्नही असतो. पत्र लिहिताना माणूस समोरच्याचा विचार करून शब्द तोलतो. टिपण लिहिताना तो तोलत नाही, कारण वाचणारे आपणच, हे त्यानं गृहीत धरलेलं असतं. ते गृहीतक खरं आहे की नाही, हे माझ्या मते एकाच गोष्टीवर ठरतं: त्या टिपणाचं कुलूप उघडणारी किल्ली कोणाकडे आहे?

‘तुमचा डेटा एन्क्रिप्टेड आहे’ असं आज बहुतेक अ‍ॅप सांगतात आणि ते खोटं नसतं. टिपण फोनमधून सर्व्हरकडे सांकेतिक रूपात जातं, तिथंही तसंच साठवलं जातं. वाटेत कोणी ते पकडलं तर त्याच्या हाती निरर्थक अक्षरं लागतात. पण त्या अक्षरांचा पुन्हा मजकूर करणारी किल्ली कंपनीकडेही असते. बँकेचा लॉकर उघडायला आपली आणि बँकेची अशा दोन किल्ल्या लागतात. इथे कंपनीला आपल्या किल्लीची गरजच पडत नाही. गूगल कीप याच पद्धतीनं चालतं. अ‍ॅपलच्या नोट्सही आयक्लाउडवर मूळ सेटिंगमध्ये अशाच राहतात. एखादी नोट वेगळी लॉक केली, किंवा डिसेंबर 2022 मध्ये आलेली ‘अ‍ॅडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन’ ही सोय चालू केली, तरच किल्ली फक्त आपल्या उपकरणांवर उरते. यालाच एंड-टू-एंड एन्क्रिप्शन म्हणतात. स्टँडर्ड नोट्ससारखी काही अ‍ॅप ते पहिल्यापासून देतात, जॉप्लिनमध्ये ते आपल्याला चालू करावं लागतं. आपल्याकडे बरेच जण व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज करून टिपणं ठेवतात. तो मेसेज सुरक्षित असतो. पण क्लाउडवर जाणारा त्याचा बॅकअप, 2021 मध्ये आलेली वेगळी सोय चालू केल्याशिवाय, तितका सुरक्षित नसतो. हे सेटिंग कितीजणांनी उघडून पाहिलं असेल?

किल्ली दुसऱ्याकडे असली की काय होतं? डिसेंबर 2016 मध्ये एव्हरनोटनं आपलं गोपनीयता धोरण बदलत असल्याचं जाहीर केलं. संगणकाला शिकवण्याच्या कामात कंपनीचे काही कर्मचारी वापरणाऱ्यांच्या नोट्सचा मजकूर पाहू शकतील, असं त्यात होतं. लोक खवळले आणि काही दिवसांतच कंपनीनं माघार घेतली. माघार घेतली हे चांगलंच झालं. पण धोरण एका घोषणेनं बदलता येत होतं आणि दुसऱ्या घोषणेनं परतही घेता येत होतं, कारण मजकूर वाचण्याची क्षमता कंपनीकडे आधीपासूनच होती.

फिनलंडमधलं प्रकरण याहून फार भयंकर आहे. वस्तामो ही तिथली मानसोपचार केंद्रांची मोठी साखळी. रुग्ण काय बोलला, कशानं रडला, घरात काय घडलं, हे उपचार करणारे टिपून ठेवत. हा सगळा साठा चोरीला गेला. चोरानं आधी कंपनीकडे खंडणी मागितली आणि मग ऑक्टोबर 2020 मध्ये थेट रुग्णांना ईमेल धाडले: 200 युरो बिटकॉइनमध्ये द्या, नाहीतर तुमची टिपणं जगजाहीर करतो. सुमारे 33,000 रुग्णांची माहिती त्यात होती आणि देशाची लोकसंख्या जेमतेम 55 लाख. 2024 मध्ये तिथल्या न्यायालयानं आरोपीला सहा वर्षं तीन महिन्यांची शिक्षा सुनावली, कंपनी त्याआधीच दिवाळखोरीत गेली होती. पण एकदा वाचलं गेलेलं टिपण न वाचलेलं करण्याची ताकद कोणत्याही न्यायालयात नाही. ती टिपणं चोराला सरळ वाचता आली, हे या प्रकरणाचं मर्म आहे.

उलट बाजूनं पाहा. 2022 मध्ये लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या सेवेतून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरांनी नेल्या. त्यांतले पासवर्ड आणि गोपनीय टिपणं सांकेतिक रूपात होती, आणि ती उघडणारा मुख्य पासवर्ड कंपनीकडे नव्हता. ज्यांचा तो लांब आणि अवघड होता त्यांची तिजोरी चोरीला जाऊनही बंद राहिली; ज्यांचा सोपा होता त्यांना धोका होता. शिवाय संकेतस्थळांचे पत्ते सांकेतिक केलेले नव्हते, ते चोरांना आयते मिळाले. ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी 1883 मध्येच लष्करी सांकेतिक लेखनाबद्दल लिहिताना म्हटलं होतं की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालेल, अशीच ती असली पाहिजे. गुपित किल्लीत असावं. लास्टपासच्या ग्राहकांना हे तत्त्व तारून गेलं, पण जिथे किल्लीच तकलादू होती तिथे तेही अपुरं पडलं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ‘माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही.’ लपवणं आणि स्वतःपाशी ठेवणं यांत मोठं अंतर आहे. टिपणात विचार अर्धा शिजलेला असतो. कोणी वाचतंय असं वाटलं की माणूस तो लिहितच नाही, आणि हळूहळू तसा विचार करणंही सोडतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवलं. त्याचा मला अभिमान वाटतो. आणि आपल्याकडे टिपणाचा अनाहूत वाचक बहुतेक वेळा घरातलाच असतो. फोन हातोहात फिरतो. मुलीचा, सुनेचा फोन तपासणं हा अनेक घरांत हक्क समजला जातो. तिच्यासाठी लॉक केलेली एक नोट ही चैन मुळीच नाही.

दुसरा आक्षेप असा की कायदा आहे ना. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची पुरेशी काळजी न घेणाऱ्या कंपनीला 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण तो दंड भारताच्या एकत्रित निधीत जमा होतो, ज्याचं टिपण फुटलं त्याच्या हाती त्यातलं काही येत नाही. किल्ली फक्त वापरणाऱ्याकडे असली की तपास यंत्रणांना संशयिताची टिपणं वाचता येत नाहीत, ही अडचण मात्र खरी आहे आणि ती मी हलकी मानत नाही. संशयिताविरुद्ध न्यायालयाचा आदेश घ्यावा, त्याचं उपकरण तपासावं. पण सगळ्यांच्याच कुलपांना आणखी एक किल्ली बनवून ठेवली, तर ती फक्त चांगल्या हातांतच राहील याची हमी कोण देणार? फेब्रुवारी 2025 मध्ये ब्रिटिश सरकारच्या दबावानंतर अ‍ॅपलनं त्या देशात नव्या ग्राहकांसाठी अ‍ॅडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन बंद केलं. संशय काही थोड्यांवर असेल, संरक्षण मात्र साऱ्यांचंच कमी झालं.

सगळ्यांत वजनदार आक्षेप तिसरा आहे: ‘किल्ली माझ्याकडेच असेल आणि मीच विसरलो तर?’ तर टिपण गेलं. कंपनीला फोन करून ते परत मिळत नाही. म्हणूनच सगळंच कुलपात घालू नये. वाणसामानाची यादी कुठेही राहू द्या. विमा, ठेवी, घराची कागदपत्रं यांची माहिती वारसांना मिळायलाच हवी. त्यासाठी गूगलनं 2013 पासून निष्क्रिय खात्याची, तर अ‍ॅपलनं 2021 पासून ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ची सोय दिली आहे. मनातलं टिपण आपल्याबरोबर संपलं तरी कोणाचं बिघडत नाही. पिन आणि पासवर्ड नोट्समध्ये न ठेवता पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवावेत. पासवर्ड विसरल्यास कुलूप उघडणाऱ्या रिकव्हरी कीचा स्क्रीनशॉट काढण्याचा मोह मात्र टाळा: फोटोंतली अक्षरं वाचून अशा किल्ल्या शोधणारी स्पार्ककॅट नावाची घातक प्रणाली 2025 मध्ये अधिकृत अ‍ॅप स्टोअरमधल्या अ‍ॅपांतच सापडली. ती की कागदावर, स्वतःच्या हातानं, एकेक अक्षर पडताळून लिहा आणि घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांच्या फाइलीत लावून ठेवा.