व्याज घेत नाही, रान घेतो



मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. मौलाना नाही, वकीलही नाही. आज बोलायचंय ते आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या एका साध्या कागदाबद्दल. तो कागद म्हणजे खरेदीखत. पण सुरुवात तौरातपासून करतो, कारण या कागदामागचं दुखणं फार जुनं आहे.

मराठी बायबलमधल्या ‘लेवीय’ या पुस्तकाच्या 25व्या अध्यायात एक नियम आहे. दर 50व्या वर्षी, म्हणजे ‘योबेल’च्या वर्षी, विकलेली शेती मूळ घराण्याकडे परत जायची. म्हणून किंमतसुद्धा पुढच्या योबेलपर्यंत किती पिकं निघतील त्यावर ठरायची. विकली जातात ती पिकं. जमीन अल्लाहची, माणूस तिथं पाहुणा. आमच्या भाषेत सांगायचं तर रोलबॅक. नियम सांगणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं की गरीब माणूस रान हौसेनं विकत नाही, नडला म्हणून विकतो.

पण त्याच अध्यायात पुढं परक्या लोकांना गुलाम म्हणून विकत घ्यायची आणि मुलाबाळांना वारशानं द्यायची परवानगी आहे. दुसरीकडं, भावाकडून व्याज घेऊ नका, परक्याकडून घेतलं तरी चालेल, असंही आहे. म्हणजे दया होती, पण ‘भाऊ’ कोण ते आधी ठरलेलं होतं. ज्याच्या नावावर पहिल्यापासूनच रान नव्हतं, त्याला योबेलनं काय दिलं? आणि योबेल खरोखर पाळला गेल्याचा ठोस पुरावाही नाही.

हे ऐकून ‘बघा, त्यांच्या ग्रंथात गडबड आहे’ म्हणत घरी जाऊ नका. आता आपल्याकडं बघू.

सूरह बकरात सांगितलंय की कर्जदार अडचणीत असेल तर हात मोकळा होईपर्यंत सवलत द्या, आणि माफ केलंत तर ते अधिक चांगलं. व्याज तर हरामच. मग पळवाट निघाली ‘बय-उल-वफा’ची: शेत विकायचं, रक्कम परत केली की ते परत मिळणार, आणि तोवर पीक घेणार पैसेवाला. ही विक्री की गहाण, यावर बुखारा-समरकंदकडच्या हनफी फकिहांमध्ये बराच वाद झाला. माझं मत स्पष्ट आहे: ते पीक म्हणजे व्याजच.

आता आपल्या गावात या. समजा, लेकीच्या लग्नाला दोन लाख हवेत. पैसे देणारा म्हणतो, “भाई, मी व्याज घेत नाही. फक्त तीन एकराचं खरेदीखत करून दे, पैसे दिलेस की उलटून देतो.” दुय्यम निबंधकाकडं नोंद होते, फेरफार होतो, सातबाऱ्यावर नाव बदलतं. सोयाबीन तो काढतो, तूर तो काढतो. उलटून द्यायची गोष्ट मात्र तोंडीच राहते. 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात 1929 साली झालेल्या दुरुस्तीनुसार, परतीची अट त्याच दस्तात नसेल तर तो व्यवहार गहाण धरला जात नाही. सावकाराला हे कलम तोंडपाठ असतं, आपल्याला नसतं. आणि असा व्यवहार करणारे सगळे परक्या जातीधर्माचे असतात असंही नाही. काही जण आपल्याच मशिदीत पहिल्या सफमध्ये उभे राहतात.

महाराष्ट्राच्या 2014च्या सावकारी कायद्याचं कलम 18 यावर उतारा आहे. सावकारीच्या ओघात, कर्जाची हमी म्हणून गेल्या 15 वर्षांत जमीन गेली असेल, तर जिल्हा उपनिबंधक खरेदीखताच्या आत डोकावून चौकशी करू शकतात, ते अवैध ठरवून जमीन परत करण्याचा आदेश देऊ शकतात. म्हणजे एका अर्थी योबेलच, फक्त अर्ज करावा लागतो. अडचण पुराव्याची आहे. एकदाच उसने पैसे देणारा सावकार ठरत नाही. त्याचा तो धंदा आहे हे दाखवावं लागतं. एकट्याचा अर्ज इथंच पडतो. त्याच माणसानं गावातल्या आणखी चौघांची रानं अशीच लिहून घेतली असतील, तर त्या पाचांनी एकत्र यायला हवं, मग ते मुसलमान असोत, मराठा, मातंग की धनगर.

कार्यक्रम संपल्यावर मी मागच्या टेबलावर बसतो. घरात असं खरेदीखत असेल तर त्यावरची तारीख आधी बघा. 15 वर्षं संपत आली असतील तर थांबू नका. पैसे दिल्या-घेतल्याची वही, बँकेची एंट्री, मोबाइलवरचे मेसेज, जे असेल ते आणा. आणि ज्यांच्या वडिलांनी असं रान लिहून घेतलंय, त्यांनीही या.