आभाळाचा फोटो पाठवताना : आंदर मावळातून उडणाऱ्यांसाठी आणि खालून बघणाऱ्यांसाठी

(ज्यांना ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी या भागाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

इयरफोन लावलेत? मग आज थोडं वर बघूया, आभाळाकडे.

कामशेतवरून गेला असाल तर डोंगरावरून सुटलेल्या रंगीत छत्र्या तुम्ही पाहिल्या असतील. आपण त्यांना छत्री म्हणतो, उडणारे विंग म्हणतात. पॅराग्लायडिंगसाठी कामशेतचं नाव देशभर झालंय. हंगाम साधारण ऑक्टोबरमध्ये सुरू होतो आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत चालतो. या उडणाऱ्या लोकांची, म्हणजे पायलट मंडळींची, सकाळ व्हॉट्सअ‍ॅपवर सुरू होते. तिथे ‘गुड मॉर्निंग’चे गुलाब नसतात, आभाळाचे फोटो असतात. टेकडीवरून काय दिसतंय, तळ्याकडे धुकं आहे का, विंडसॉक कुठे वळलाय. एकाने टाकलेला फोटो बघून दहा जण घरातून निघायचं की नाही ते ठरवतात.

आजचा विषय हाच. मोबाईलवरून हवामानाचा फोटो पाठवणं. ऐकायला किरकोळ वाटेल, पण एका फोटोवर कुणीतरी डोंगराच्या कड्यावरून पाय उचलतो.

आधी एक प्रश्न घेऊ. हवामान खातं आहे, अ‍ॅप आहेत, मग फोटो कशाला?

पुण्याच्या शिवाजीनगरला ‘सिमला ऑफिस’ आहे, तुम्हाला माहीत असेलच. भारतीय हवामान खातं १८७५ सालचं. त्याचं कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून ते नाव. तिथले अंदाज मेहनतीचे असतात, पण ते एकेका डोंगराचे नसतात. विमानांसाठी विमानतळावरून ठरावीक वेळाने हवेचा अहवाल निघतो. आपल्याला जवळचा विमानतळ लोहगावचा. कामशेतपासून सरळ रेषेत तो सुमारे ४५ किलोमीटर. तिथे मैदान सपाट आहे, आणि इथे? इथे तीन खोरी शेजारी शेजारी. इंद्रायणीचं नाणे मावळ, पवनेचं पवन मावळ आणि आंद्रा नदीचं आंदर मावळ. खोरं बदललं की वारंही बदलतं.

आंदर मावळचंच बघा. कान्हे फाट्यावरून आत वळलात की टाकवे, वडेश्वर आणि मग खांडी. मध्ये ठोकळवाडी धरणाचं पाणी. हे धरण टाटांचं, त्याच्या पाण्यावर खाली कोकणात भिवपुरीला १९२२ पासून वीज तयार होते. म्हणजे विचार करा, खोऱ्याच्या वरच्या टोकाला सह्याद्रीची धार आहे आणि तिच्यापलीकडे जमीन एकदम खाली कोसळते. दुपारी समुद्राकडची हवा ती धार चढून वर येते. सकाळी कामशेतला पान हलत नसतं आणि दुपारी खांडीला टोपी उडते. हे अ‍ॅपवर नेमकं कळेलच असं नाही. ते खांडीत उभा असलेला माणूस सांगतो. त्याच्या खिशात आता मोबाईल आहे. म्हणून फोटो.

विमानातल्या पायलटांची जुनी रीत आहे. वाटेत ढग, हादरे, बर्फ दिसलं की रेडिओवर सांगायचं, मागून येणाऱ्याला उपयोग होतो. मोबाईलवरचा फोटो ही त्याच रीतीची धाकटी बहीण.

आणि फोटोंनी मोठी कामंही केली आहेत. ढगांना कुम्युलस, स्ट्रॅटस, सिरस ही नावं लंडनच्या ल्यूक हॉवर्डने १८०२ मध्ये दिली. ढगांचा पहिला आंतरराष्ट्रीय अ‍ॅटलास १८९६ चा. त्यात २०१७ मध्ये ‘अ‍ॅस्पेरिटास’ नावाचा नवा प्रकार घेतला, खालून बघितलं तर खवळलेल्या समुद्रासारखा दिसणारा. तो तिथपर्यंत कसा पोचला? आभाळाची आवड असलेल्या साध्या लोकांनी वेगवेगळ्या देशांतून पाठवलेल्या फोटोंमुळे. तेव्हा ‘माझ्या एका फोटोने काय होणार’ असं म्हणू नका.

आता दुसरी बाजू. फोटो खोटं बोलत नाही म्हणतात. आभाळाचा फोटो मात्र चांगलाच चकवतो.

एक, वारा फोटोत दिसत नाही. निळंभोर आभाळ, दोन पांढरे ढग, फोटो एकदम झकास. पण तिथे वारं ताशी ३५ किलोमीटरने वाहत असेल तर? साध्या पॅराग्लायडरचा स्वतःचा वेग जवळपास तेवढाच असतो. म्हणजे समोरून असं वारं आलं की पायलट हवेत जागच्या जागी उभा. वारं आणखी वाढलं की तो तोंड पुढे करून मागे जायला लागतो, आणि मागे असतो डोंगर.

दोन, आपला कॅमेरा जास्तच हुशार आहे. काळं आभाळ दिसलं की तो आपोआप उजळ करतो. रुंद लेन्स लावली की समोर उभा ठाकलेला ढग लांबचा आणि छोटा दिसतो. फोन चुकत नाही, तो फोटो सुंदर करतो. आपल्याला सुंदर नको, खरा हवा.

तीन, वेळ. आंदर मावळात रेंज काय आहे ते तुम्हाला सांगायला नको. दुपारी दोनला काढलेला फोटो घड्याळाचं चिन्ह दाखवत फोनमध्ये अडकून पडतो, आणि रेंज आली की निघतो. बघणाऱ्याला वाटतं आत्ताचा आहे. वर व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना त्याच्या आत दडलेली वेळ आणि ठिकाण काढून टाकतं. म्हणजे फोटो आला, पण त्याचा जन्मदाखला हरवला. त्यात कुणी तो पुढे ढकलला तर संपलंच. वळवाच्या दिवसांत अर्ध्या तासापूर्वीचं आभाळ म्हणजे जुनं वर्तमानपत्र.

मग करायचं काय? फोटो पाठवताना सोबत पाच गोष्टी लिहा. बोटांवर मोजता येतील अशा.

पहिली, वेळ. स्वतः टाईप करा. ‘२.१०’ एवढं पुरे.

दुसरी, ठिकाण. ‘मावळ’ नको. ‘वडेश्वरच्या पुढे, रस्त्यावरून’ असं.

तिसरी, दिशा. फोनमध्ये होकायंत्र असतं, ते बघा. नाहीतर ओळखीची खूण फोटोत घ्या, धरणाची भिंत, एखादा सुळका, देवळाचा कळस. कोपऱ्यात डोंगराची रेघ असली की ढग किती उंच चढलाय तेही कळतं. नुसत्या ढगाच्या फोटोला माप नसतं.

चौथी, वारा. दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या, झाडाचा, झेंड्याचा, चुलीच्या धुराचा. तळ्याच्या पाण्यावरचे तरंग फार बोलके असतात. भीमाशंकरकडच्या पठारांवर पवनचक्क्या आहेत, त्या दिसत असतील तर उत्तमच. पवनचक्की आपलं तोंड वाऱ्याकडे वळवते, म्हणजे वारं कुठून येतंय ते तिनेच सांगितलं.

पाचवी, बदल. ही सगळ्यात मोलाची. त्याच जागेवरून दहा मिनिटांनी दुसरा फोटो काढा. एका फोटोत ढग दिसतो, दोन फोटोंत त्याची चाल दिसते. फुलकोबीसारखी टोकदार, घट्ट डोकी वर वर सरकत असतील तर ढग वाढतोय. रुंदीपेक्षा उंची जास्त झाली तर सावध. आणि डोक्याची फुलकोबी विस्कटून तिथे पिंजलेल्या कापसासारखं पसरायला लागलं, तर वर बर्फ झालंय. तो गडगडाटी ढग आहे, विषय संपला.

फोटोत न येणाऱ्या गोष्टीही लिहा. ‘गडगडाट ऐकला.’ ‘वारं एकदम पडलंय.’ ‘मातीचा वास आला.’ वळवाच्या आधी वारं पडतं आणि मग थंड झोत येतो, हे मावळातल्या कुठल्याही आजीला माहीत आहे. तो झोत पावसाच्या कितीतरी किलोमीटर पुढे धावतो. पाऊस वडेश्वरला आणि झोत कामशेतला, असं होऊ शकतं. डोंगरावर ऊन असताना विंग उधळतो तो यामुळे.

आता एक खरी गोष्ट सांगतो. १४ फेब्रुवारी २००७, ऑस्ट्रेलियातलं मॅनिला गाव. जागतिक स्पर्धेच्या आधीचा सराव चालू होता. एव्हा विश्निएर्स्का ही जर्मनीकडून उडणारी कसलेली पायलट गडगडाटी ढगात ओढली गेली. तिच्याजवळच्या यंत्राने नोंदवलेली उंची ९,९४६ मीटर. एव्हरेस्टपेक्षा हजार मीटरहून जास्त. ती बेशुद्ध पडली, अंगावर बर्फ साचलं, आणि नशीब बलवत्तर म्हणून शुद्धीवर येऊन जिवंत उतरली. त्याच दिवशी, त्याच वादळात एक चिनी पायलट मात्र गेला.

हे का सांगितलं? ढग लपलेला नव्हता. सगळ्यांना दिसत होता. म्हणजे दिसणं आणि थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोटो पहिलं काम करतो, दुसरं आपल्यालाच करावं लागतं. ग्रुपवर छान फोटो आला म्हणजे उडायची परवानगी मिळाली असं नाही. फोटो फक्त ‘थांब’ म्हणू शकतो. ‘जा’ म्हणायचा अधिकार त्याला देऊ नका. ‘जा’ हे टेक ऑफवर उभं राहून, चेहऱ्यावर वारं घेऊनच ठरतं. शंका असेल तर विंग पिशवीत. डोंगर कुठे जात नाही.

आणि हवेत असताना फोन हातात नको. दोन्ही हात ब्रेकवर. सांगायचं असेल तर रेडिओ आहे. फोटो उतरल्यावर.

शेवटचा मुद्दा, आणि तो मला सगळ्यात जवळचा वाटतो. आत्तापर्यंत मी म्हणालो की खांडीचा माणूस फोटो पाठवतो आणि पायलट वापरतो. मग त्या माणसाला काय मिळतं?

उडायचा हंगाम सुरू होतो ऑक्टोबरमध्ये. त्याच वेळी मावळात काय चालू असतं? भात कापणी. आपला इंद्रायणी तांदूळ, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालेला, कापून खाचरात वाळत पडलेला असतो. परतीचा पाऊस एका संध्याकाळी आला तर वर्षाची मेहनत भिजते. माणसं विळा घेऊन उघड्यावर असतात, आणि वीज उघड्यावरच्या माणसाला सोडत नाही. पुण्याच्याच आयआयटीएम संस्थेचं विजेची सूचना देणारं ‘दामिनी’ अ‍ॅप आहे, ते फोनमध्ये असूच द्या. पण त्याच वेळी वर उडणाऱ्या पायलटला काय दिसतं? धारेपलीकडचं कोकण. तिकडून चढणारं काळं आभाळ त्याला खाचरातल्या माणसाच्या आधी दिसतं.

तो उतरतो, ग्रुपवर लिहितो, ‘आज बंद, विंग आवरा.’ बास? ज्यांच्या रानात तो उतरतो त्यांना सांगायला काय हरकत आहे? एक ओळ, एक फोटो. ‘काका, घाटाकडून आभाळ येतंय, भात झाका.’ ताडपत्री ओढायला वीस मिनिटं मिळाली तरी खूप झालं.

तेव्हा गावातल्या मुलामुलींनो, तुमच्या भागात उडणाऱ्यांचा ग्रुप असेल तर त्यात शिरा. आणि पायलट मंडळींनो, त्यांना नुसतं शिरू देऊ नका, बोलावून घ्या. गुराख्याच्या फोनमधला आडवातिडवा फोटो तुमच्या महागड्या कॅमेऱ्याच्या फोटोपेक्षा जास्त खरा असू शकतो, कारण तो तिथे उभा आहे.

आज एवढंच. हा भाग ऐकून झाला की एकदा बाहेर या, वर बघा आणि एक फोटो काढा. दहा मिनिटांनी अजून एक. दोन्हींत काय बदललं ते आम्हाला कळवा. वेळ, ठिकाण आणि दिशा लिहायला विसरू नका. भेटू पुढच्या भागात.